थीम पार्कमधील निवासी हॉटेले, टाइमशेअर आणि चाहत्यांचे मत : वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९७१ साली सुरू झालेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या विस्तीर्ण मनोरंजन संकुलात गेल्या अर्धशतकात अनेक हॉटेले उभी राहिली. १९९१ पासून त्यांना टाइमशेअरची, म्हणजेच कालविभागित मालकीची जोड मिळाली. जवळजवळ प्रत्येक नव्या वास्तूविषयी चाहत्यांनी हिरिरीने मते मांडली. प्रस्तुत लेखात या मतांचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. चाहत्यांचे प्रेम आणि सभासदांचा करार या दोहोंचे वजन व्यवस्थापनाच्या निर्णयांवर सारखे पडले नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : थीम पार्क, निवासी हॉटेल, टाइमशेअर, चाहतावर्ग, भाडेपट्टा, पुनर्विक्री.

प्रस्तावना

मनोरंजन हा इतिहासलेखनाचा दुय्यम विषय मानला जाण्याचा काळ आता मागे पडला आहे. जत्रा, सर्कस, नाटकगृह आणि चित्रपटगृह यांच्या अभ्यासातून समाजाच्या आर्थिक व भावनिक जीवनाचे दर्शन घडते, हे अभ्यासकांनी मान्य केले आहे. थीम पार्क ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील याच परंपरेतील संस्था होय. तथापि थीम पार्कच्या अभ्यासात पाळणे, मिरवणुका व पात्रे यांच्याकडे जितके लक्ष गेले, तितके तेथील निवासव्यवस्थेकडे गेले नाही.

हॉटेल ही वास्तू सामान्यतः प्रवाशाच्या मुक्कामापुरती असते. मुक्काम संपला की प्रवासी ती विसरतो. तिचा दर्शनी भाग बदलला, दिवाणखान्यातील कारंजे काढले किंवा शेजारी नवी इमारत उभी राहिली, तर त्याची फारशी दखल कोणी घेत नाही. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील हॉटेलांच्या बाबतीत मात्र परिस्थिती वेगळी आहे. येथे नव्या इमारतीचे संकल्पचित्र जाहीर होताच हजारो लोक तिच्या छताच्या उतारापासून भिंतीच्या रंगापर्यंत मते देतात. जुन्या हॉटेलातील धबधबा काढला गेला तर शोक व्यक्त होतो. ज्या इमारतीवर आपली कायदेशीर मालकी नाही, तिच्याविषयी इतकी आस्था का निर्माण होते, आणि अशा आस्थेला काही परिणामकारकता असते काय, हे या लेखापुढील मुख्य प्रश्न आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील निवासी हॉटेलांच्या वाढीचे टप्पे पाहणे.
२. टाइमशेअर पद्धतीचा उगम आणि डिस्ने व्हेकेशन क्लबने तिला दिलेले स्वरूप समजून घेणे.
३. नव्या हॉटेलांविषयी चाहत्यांनी घेतलेल्या आक्षेपांचे व केलेल्या समर्थनाचे स्वरूप तपासणे.
४. या मतांचा प्रत्यक्ष निर्णयांवर कितपत परिणाम झाला, याचे मूल्यमापन करणे.

पूर्वपीठिका : हॉटेलाविना थीम पार्क

वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू केले. उद्यानाच्या उभारणीतच सर्व भांडवल गुंतल्यामुळे हॉटेल बांधण्याइतका पैसा त्यांच्यापाशी उरला नव्हता. म्हणून जॅक रॅदर या उद्योजकाने शेजारी डिस्नेलँड हॉटेल उभारले व त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते सुरू झाले. नाव डिस्नेचे, पण उत्पन्न दुसऱ्याचे, अशी ही व्यवस्था होती. डिस्ने कंपनीला ते हॉटेल १९८८ साली रॅदर यांची कंपनी विकत घेतल्यानंतरच मिळाले.

दरम्यानच्या काळात डिस्नेलँडच्या भोवती इतरांची मोटेले, उपाहारगृहे व जाहिरातफलक यांची दाटी झाली. उद्यानातील कल्पनासृष्टी कुंपणापाशी संपत असे आणि पलीकडे गजबजलेला रस्ता सुरू होत असे. या अनुभवातून दोन धडे घेण्यात आले. पहिला धडा जमिनीचा होता. फ्लोरिडातील ऑरलँडोजवळ कंपनीने निरनिराळ्या नावांनी गुप्तपणे सुमारे २७,००० एकर जमीन खरेदी केली व नोव्हेंबर १९६५ मध्ये प्रकल्पाची जाहीर घोषणा केली. दुसरा धडा निवासाचा होता. पाहुणा संध्याकाळी उद्यानाबाहेर पडला तरी तो कंपनीच्याच हद्दीत, कंपनीच्याच कथेत राहिला पाहिजे, हा विचार फ्लोरिडाच्या आराखड्यात प्रारंभापासून होता. वॉल्ट डिस्ने यांचे डिसेंबर १९६६ मध्ये निधन झाले. प्रकल्प त्यांचे बंधू रॉय डिस्ने यांनी पूर्णत्वास नेला.

पहिली पिढी (१९७१ ते १९८४)

१ ऑक्टोबर १९७१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झाले, तेव्हा उद्यानाबरोबरच कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन व्हिलेज ही दोन हॉटेले खुली झाली. कंटेम्पररीची इमारत इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराची असून तिच्या पोटातून मोनोरेल धावते. तिच्या खोल्या जवळच तयार करून पोलादी सांगाड्यात बसविण्यात आल्या होत्या. पॉलिनेशियनमध्ये दक्षिण समुद्रातील बेटांची कल्पना साकारली होती. उतरत्या छपराची लांब घरे, तळ्याचा किनारा आणि मुख्य इमारतीच्या मध्यभागी झाडाझुडपांत खळाळणारा धबधबा ही तिची ओळख ठरली.

ही हॉटेले केवळ सोयीची नव्हती, तर ती उद्यानाच्या दृश्याचा भाग होती. तळ्याच्या एका काठावर किल्ला, दुसऱ्या काठावर बेटांवरील गाव आणि या सर्वांना जोडणारी मोनोरेल, अशी ती रचना होती. पुढील योजनेत आशियाई, व्हेनिशियन व पर्शियन धर्तीची हॉटेलेही होती. परंतु १९७३ च्या तेलसंकटामुळे पर्यटनाला धक्का बसला आणि ती योजना कागदावरच राहिली. परिणामी पहिल्या तेरा वर्षांत कंपनीच्या मालकीची हॉटेले मोजकीच राहिली. संख्या कमी असल्यामुळे त्यांच्याभोवती आठवणी दाट झाल्या. एकाच कुटुंबाच्या दोन पिढ्यांनी त्याच धबधब्यापाशी छायाचित्रे काढली. डिसेंबर १९७४ मध्ये बीटल्सच्या विसर्जनाच्या कागदपत्रांवर जॉन लेनन यांनी सही केली, तीही पॉलिनेशियन हॉटेलातच. पुढील काळातील चाहत्यांच्या मतांना जी मोजपट्टी मिळाली, ती याच पहिल्या पिढीची होती.

दुसरी पिढी : कथेचे हॉटेल (१९८४ ते २००१)

सप्टेंबर १९८४ मध्ये मायकेल आयझनर व फ्रँक वेल्स यांच्याकडे कंपनीची सूत्रे आली. उद्यानांना येणाऱ्या लाखो पाहुण्यांपैकी बहुसंख्य लोक बाहेरच्या हॉटेलांत राहतात, म्हणजे उत्पन्नाचा मोठा वाटा हातचा जातो, हे त्यांनी ओळखले. त्यानंतर हॉटेलबांधणीला जो वेग आला, तो अभूतपूर्व होता. १९८८ साली ग्रँड फ्लोरिडियन व कॅरिबियन बीच, १९९० साली यॉट क्लब व बीच क्लब, १९९४ साली वाइल्डरनेस लॉज व ऑल-स्टार, १९९६ साली बोर्डवॉक आणि २००१ साली ॲनिमल किंग्डम लॉज अशी ही मालिका आहे. महागड्या हॉटेलांबरोबरच मध्यम व स्वस्त श्रेणीही याच काळात निर्माण झाल्या.

आयझनर यांना वास्तुकलेची आवड होती. त्यांनी रॉबर्ट स्टर्न, मायकेल ग्रेव्हज, पीटर डॉमिनिक अशा नामवंत वास्तुविशारदांना पाचारण केले. वाइल्डरनेस लॉजमध्ये अमेरिकन पश्चिमेकडील राष्ट्रीय उद्यानांतील लाकडी विश्रामगृहांची भव्यता आणण्यात आली. ॲनिमल किंग्डम लॉजच्या सज्जातून जिराफ व झेब्रे दिसू लागले. चाहत्यांच्या दृष्टीने या हॉटेलांनी कथेचे हॉटेल ही कल्पना पूर्णत्वास नेली.

मतभेद याही काळात होते. ग्रेव्हज यांनी आरेखित केलेली स्वान व डॉल्फिन ही हॉटेले १९९० साली उभी राहिली. त्यांच्या छतांवरील प्रचंड हंस व मासे एपकॉट उद्यानातूनही दिसत असत. एपकॉटमध्ये देशोदेशीच्या वास्तूंचे दर्शन घडविणाऱ्या दालनांमागे हे आकार डोकावतात आणि त्या देखाव्याचा भंग होतो, असा आक्षेप घेतला गेला. वास्तुकलेच्या समीक्षकांना जी कृती धीट वाटली, ती चाहत्यांना रसभंग करणारी वाटली. येथे चाहत्यांच्या सौंदर्यविचाराचे सूत्र प्रथमच स्पष्ट होते. इमारत स्वतः सुंदर आहे की नाही यापेक्षा ती भोवतालच्या कथेशी सुसंगत आहे की नाही, ही त्यांची कसोटी होती.

याच सुमारास चाहतावर्गही संघटित होत होता. डिस्नेच्या चाहत्यांचा नॅशनल फँटसी फॅन क्लब १९८४ साली स्थापन झाला. स्वतंत्र लेखकांची मार्गदर्शक पुस्तके निघू लागली व त्यांत वाचकांच्या प्रतिसादावरून हॉटेलांची प्रतवारी होऊ लागली. पुढे २००९ साली कंपनीने स्वतःच डी-ट्वेंटीथ्री या नावाचे अधिकृत चाहतामंडळ सुरू केले. चाहत्यांचे मत ही दखलपात्र बाब आहे, याची ती कबुलीच होती.

टाइमशेअर : उगम व रूपांतर

एका सुटीगृहाची मालकी अनेकांनी वर्षातील निरनिराळ्या आठवड्यांसाठी वाटून घ्यावी, ही कल्पना १९६० च्या दशकात युरोपात आल्प्सच्या परिसरात रुजली. स्वित्झर्लंडमधील हापिमाग ही संस्था १९६३ सालची. १९७० च्या दशकात ही पद्धत अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात फोफावली. दबाव आणून केलेली विक्री, फसवी आश्वासने आणि पुन्हा विकता न येणारे आठवडे यांमुळे तिची बदनामीही तितक्याच वेगाने झाली. फ्लोरिडाच्या विधिमंडळाने या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार खरेदीदाराला दहा दिवसांच्या आत करार रद्द करण्याचा हक्क मिळाला.

अशा बदनाम क्षेत्रात डिस्ने कंपनीने १९९१ साली डिस्ने व्हेकेशन क्लब या नावाने प्रवेश केला. त्याच वर्षी खुले झालेले पहिले संकुल पुढे ओल्ड की वेस्ट या नावाने ओळखले जाऊ लागले. क्लबने ठरावीक आठवड्याऐवजी पॉइंटची पद्धत स्वीकारली. सभासद पॉइंट विकत घेतो व दरवर्षी तितके पॉइंट त्याच्या खाती जमा होतात. खोलीचा आकार व हंगाम यांनुसार प्रत्येक रात्रीचे पॉइंट ठरलेले असतात. एका वर्षाचे पॉइंट पुढील वर्षासाठी राखता येतात किंवा पुढील वर्षाचे उसने घेता येतात. ज्या संकुलाचा करार असेल, तेथे अकरा महिने आधी आणि इतरत्र सात महिने आधी आरक्षण करता येते. याशिवाय देखभाल, कर इत्यादींसाठी वार्षिक शुल्क भरावे लागते.

कायद्याच्या भाषेत ही स्थावर मालमत्तेतील मुदतबंद हिस्सेदारी होय. जमीन डिस्नेचीच राहते आणि मुदत संपताच सर्व हक्क तिच्याकडे परत जातात. ओल्ड की वेस्टच्या मूळ करारांची मुदत ३१ जानेवारी २०४२ पर्यंत आहे. त्या मुदतीत सभासद आपला हिस्सा विकू शकतो, वारसास देऊ शकतो. मात्र विक्रीच्या वेळी त्याच किमतीस तो हिस्सा स्वतः घेण्याचा अग्रक्रयाधिकार कंपनीने राखून ठेवला आहे. या अधिकारामुळे पुनर्विक्रीच्या किमती फारशा कोसळल्या नाहीत आणि इतर टाइमशेअरच्या तुलनेत क्लबची पत टिकली. १९९१ साली पन्नास डॉलरच्या आसपास असलेली पॉइंटची किंमत २०२० च्या दशकात दोनशे डॉलरच्या वर गेली.

सभासद संकुलात पोहोचला की कर्मचारी त्याचे 'वेलकम होम' असे म्हणून स्वागत करतात. या दोन शब्दांत संपूर्ण व्यवसायाचे सूत्र सामावलेले आहे. पाहुण्याला घरधनी म्हणून संबोधल्यावर तो घराच्या प्रत्येक बदलाविषयी बोलू लागणार, हे ओघानेच आले.

कंपनीच्या दृष्टीने या पद्धतीचे फायदे उघड होते. बांधकामाचा खर्च विक्रीतून लवकर वसूल होतो, देखभालीचा भार वार्षिक शुल्काच्या रूपाने सभासदांवर जातो आणि सभासद वर्षानुवर्षे उद्यानात येत राहतो. त्यामुळे नव्या शतकात वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील निवासबांधणीचा कल उत्तरोत्तर टाइमशेअरकडे झुकला. २००४ साली सॅराटोगा स्प्रिंग्ज, २००९ साली बे लेक टॉवर, २०१३ साली ग्रँड फ्लोरिडियनमधील निवासिका, २०१५ साली पॉलिनेशियनमधील निवासिका, २०१९ साली रिव्हिएरा आणि २०२४ साली पॉलिनेशियनचाच आयलंड टॉवर ही त्यातील ठळक नावे होत.

वास्तूविषयीचे आक्षेप : प्रेमाचा आवाज

चाहत्यांच्या टीकेचा पहिला प्रवाह वास्तूच्या रूपाशी निगडित आहे. पॉलिनेशियन हॉटेलाचा इतिहास या संदर्भात सर्वाधिक बोलका आहे. २०१४ साली नूतनीकरणात मुख्य इमारतीतील धबधबा काढून तेथे लहान कारंजे बसविण्यात आले. दिवाणखाना मोकळा व उजळ झाला हे खरे, परंतु दारातून आत येताच कानी पडणारा पाण्याचा आवाज व ओल्या मातीचा गंध नाहीसा झाला, अशी जुन्या पाहुण्यांची खंत होती. २०१५ साली तळ्याच्या पाण्यावर वीस बंगले बांधण्यात आले. किनाऱ्यावरून दिसणारे तळ्याचे दृश्य मूठभरांना विकले गेले, असा आक्षेप त्यावर आला.

२०२२ साली त्याच परिसरात बहुमजली टॉवर बांधण्याची घोषणा झाली. त्यासाठी अनेक वर्षे चालत आलेला लुआऊ हा भोजन व नृत्याचा कार्यक्रम कायमचा बंद करण्यात आला व त्याचे खुले नाट्यगृह पाडण्यात आले. संकल्पचित्र पाहून चाहत्यांनी प्रश्न विचारला, की बेटावरील गावात ही शहरी पेटी कशासाठी? उतरती छपरे, लाकूड व गवताचा आभास या गोष्टींचा तिच्यात अभाव होता. कोणत्याही समुद्रकिनारी शोभेल अशी ही इमारत आहे, म्हणजेच ती या जागेची नाही, असा टीकेचा आशय होता. रिव्हिएरा संकुलावरही हाच ठपका आला होता. युरोपीय किनाऱ्याचे वातावरण निर्माण करण्याचा तेथे प्रयत्न असला, तरी ते चांगल्या प्रतीच्या सामान्य हॉटेलासारखे दिसते, असे अनेकांचे म्हणणे होते.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. नव्या वास्तूंच्या समर्थकांनी दर्शनी भागापेक्षा उपयुक्ततेला महत्त्व दिले. रिव्हिएरापाशी २०१९ साली सुरू झालेला आकाशपाळण्यांचा स्कायलायनर हा मार्ग एपकॉटला सहज नेतो. आयलंड टॉवरच्या सज्जांतून तळे व आतषबाजी दिसते आणि दोघांपुरत्या लहान खोल्याही तेथे आहेत. खोल्या वाढल्या तर आरक्षण मिळणे सुलभ होईल, हा सभासदांचा साधा हिशेबही त्यामागे होता. डिसेंबर २०२४ मध्ये टॉवर खुला झाल्यावर काही टीकाकारांनी आतील सजावटीची प्रशंसा केली. म्हणजे चाहतावर्ग एकजिनसी नव्हता. त्यात स्मृतीचा पक्ष आणि सोयीचा पक्ष असे दोन पक्ष होते.

परंतु परिणामाच्या दृष्टीने पाहता एक गोष्ट लक्षात येते. धबधबा परत आला नाही. बंगले हलले नाहीत. टॉवर बहुमजलीच उभा राहिला. वास्तूच्या रूपाविषयीच्या या आक्षेपांमागे भावना होती, मात्र कंपनीवर बंधनकारक ठरेल असा आधार नव्हता.

कराराविषयीचे आक्षेप : हक्काचा आवाज

टीकेचा दुसरा प्रवाह करारांशी संबंधित आहे व त्याची फलश्रुती निराळी आहे. २०११ साली हवाईमधील ओलानी संकुलाची विक्री कंपनीने मध्येच थांबविली. वार्षिक शुल्काचा अंदाज फार कमी धरला गेल्याचे लक्षात आले होते. ज्यांनी तोवर खरेदी केली होती, त्यांच्यासाठी शुल्काचा काही भार कंपनीने स्वतः उचलला. करारात लिहिलेला आकडा कंपनीलाही बांधून ठेवतो, याचे हे उदाहरण होय.

याहून महत्त्वाचा प्रसंग २०१८ च्या अखेरीस घडला. २०२० सालासाठी प्रत्येक रात्रीच्या पॉइंटचा नवा तक्ता प्रसिद्ध झाला. त्यात लहान खोल्यांचे पॉइंट वाढले होते. दोन शयनगृहांची निवासिका दोन स्वतंत्र भागांत देता येते. त्या सुट्या भागांच्या पॉइंटची बेरीज आणि संपूर्ण निवासिकेचे पॉइंट यांतील अंतर नव्या तक्त्याने वाढत होते. एका संकुलाचे एकूण पॉइंट कंपनीला वाढविता येत नाहीत, हे करारातील तत्त्व आहे. त्या तत्त्वालाच यामुळे बाधा येते, असे सभासदांनी आकडेमोड करून दाखविले. मूळ दस्तऐवज वाचले गेले, लेखी तक्रारी झाल्या. २०१९ च्या प्रारंभी कंपनीने तो तक्ता मागे घेतला. यात प्रेमाची भाषा नव्हती, कलमांची होती. ज्या चाहत्यांना धबधबा वाचविता आला नाही, त्यांनाच तक्ता मागे घ्यायला लावता आला.

मात्र करार दोन्ही बाजूंनी चालतो. त्याच जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने पुनर्विक्रीवर नवे निर्बंध घातले. १९ जानेवारी २०१९ पासून दुसऱ्या सभासदाकडून हिस्सा विकत घेणाऱ्यास जुन्या १४ संकुलांपुरताच वापर करता येईल, रिव्हिएरा व त्यानंतरची संकुले त्याला बंद राहतील, असे ठरले. उलट रिव्हिएराचा हिस्सा पुनर्विक्रीत घेणाऱ्यास केवळ रिव्हिएराच मिळेल. त्यामुळे रिव्हिएराच्या चर्चेत इमारतीच्या रंगापेक्षा हे निर्बंध अधिक गाजले. पुढे आयलंड टॉवरची घोषणा झाल्यावरही सभासदांचा कळीचा प्रश्न छपराचा नव्हता. टॉवर जुन्याच पॉलिनेशियन संघात सामील होणार की त्याचा स्वतंत्र संघ होणार, हा होता. तो जुन्याच संघात समाविष्ट झाल्याने पुनर्विक्रीच्या खरेदीदारांना तेथील दार खुले राहिले.

येथे एक विसंगती नमूद करणे आवश्यक आहे. सभासद हे कायद्याने हिस्सेदार असले व त्यांच्या संघाची वार्षिक सभा होत असली, तरी करारातील तरतुदीनुसार मतदानाचा अधिकार प्रामुख्याने कंपनीच्याच प्रतिनिधीकडे राहतो. सभासदाचे बळ मतपेटीत नसून दस्तऐवजाच्या शब्दांत आहे.

तिसरा निवाडा : बाजाराचा

प्रेम आणि करार या दोहोंखेरीज मत व्यक्त करण्याचा तिसरा मार्ग म्हणजे पैसे खर्च करण्यास नकार. १ मार्च २०२२ रोजी सुरू झालेले स्टार वॉर्स : गॅलॅक्टिक स्टारक्रूझर हे १०० खोल्यांचे हॉटेल त्याची साक्ष देते. अंतराळयानातील दोन रात्रींचा प्रवास, नट व पाहुणे यांनी मिळून रंगविलेले कथानक, खिडकीबाहेर कृत्रिम अवकाश, असे त्याचे स्वरूप होते. कथेच्या हॉटेलाची यापेक्षा पुढची पायरी कल्पिता येणार नाही. जे तेथे जाऊन आले, त्यांपैकी अनेकांनी नटांच्या कामाची मनापासून वाखाणणी केली. परंतु दोघांसाठी सुमारे ४,८०० डॉलर हा दर बहुतेक चाहत्यांच्या आवाक्याबाहेर होता. ३० सप्टेंबर २०२३ रोजी, दीड वर्षाच्या आतबाहेर, ते बंद झाले. कथा हवी असे म्हणणाऱ्या चाहत्यांना कथा मिळाली, पण तिचे मोल परवडले नाही. कंपनीच्या दृष्टीने यातून निघणारा बोध चाहत्यांना रुचणारा नाही. पराकाष्ठेची कथा सांगणारे हॉटेल तोट्याचे ठरू शकते आणि कथाविहीन टॉवर विकला जातो.

चर्चा

मराठेशाहीतील महसूल व्यवस्थेच्या अभ्यासकांना मिरासदार व उपरी हा भेद परिचित आहे. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरागत असे व तो हस्तांतरित करता येई. उपरी कुळाची वहिवाट ठरलेल्या मुदतीपुरती असे. साम्य मर्यादित असले, तरी या भेदाच्या प्रकाशात डिस्नेच्या निवाससृष्टीतील स्तर स्पष्ट दिसतात. दर रात्रीचे भाडे भरणारा पाहुणा हा उपरी होय. मार्च २०१८ पासून हॉटेलातील पाहुण्यांवर वाहनतळाचे शुल्क लादण्यात आले व ते जानेवारी २०२३ मध्ये रद्द झाले. पॉइंटवर राहणाऱ्या क्लबच्या सभासदांना मात्र त्या काळातही हे शुल्क लागू नव्हते. कंपनीकडून थेट खरेदी करणारा सभासद मिरासदारासारखा वाटतो, पण त्याची मिरास मुदतीची आहे. पुनर्विक्रीतून आलेला सभासद २०१६ पासून अनेक सवलतींना व २०१९ पासून नव्या संकुलांना मुकला. तो मिरासदारांतील उपरी ठरला.

या स्तरीकरणामुळे चाहत्यांच्या मतांचे स्वरूपच बदलले. पहिल्या पिढीच्या हॉटेलांविषयी पाहुणा आठवणींच्या भाषेत बोलत असे. टाइमशेअरनंतर तोच पाहुणा वार्षिक शुल्क, मुदत, पुनर्विक्रीचे मूल्य आणि आरक्षणाची खिडकी यांच्या भाषेत बोलू लागला. ही भाषा त्याला परिणामकारक करून गेली, हे मान्य करावे लागते. पण त्याबरोबर एक हानीही झाली. इमारत आपल्या कथेशी प्रामाणिक आहे काय, हा मूळ प्रश्न कोणत्याही कलमात बसत नाही. जे कलमात बसत नाही, त्याचा वाद घालण्यास जागा उरत नाही. त्यामुळे सर्वांत जाणते चाहते ज्या गोष्टीविषयी सर्वांत कमी परिणामकारक ठरले, ती गोष्ट म्हणजे त्यांना मुळात या हॉटेलांकडे खेचून आणणारे वास्तूचे रूप होय.

निष्कर्ष

१. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील निवासी हॉटेलांचा उगम डिस्नेलँडच्या परिसरावर नियंत्रण नसल्याच्या अनुभवात आहे. पाहुण्यास सतत कथेत ठेवणे हा त्यांचा मूळ हेतू होता.

२. १९८४ नंतरच्या विस्ताराने कथेशी सुसंगती ही चाहत्यांची कसोटी घडविली. नव्या टॉवरवरील टीका ही केवळ जुन्याची ओढ नसून कंपनीनेच शिकविलेल्या कसोटीचा वापर आहे.

३. १९९१ नंतर टाइमशेअरमुळे पाहुणा मुदतबंद हिस्सेदार झाला व त्याच्या मतास कायदेशीर आधार मिळाला.

४. वास्तूच्या रूपाविषयीच्या आक्षेपांनी निर्णय क्वचितच बदलले. कराराच्या आधारे घेतलेल्या आक्षेपांनी ते बदलल्याचे उदाहरण २०१९ साली दिसते.

५. कराराचे हत्यार कंपनीच्याही हाती आहे. पुनर्विक्रीवरील निर्बंध हे त्याचे उदाहरण होय.

समारोप

३१ जानेवारी २०४२ रोजी ओल्ड की वेस्ट, बोर्डवॉक, बीच क्लब इत्यादी संकुलांतील मूळ करार संपुष्टात येतील. ओल्ड की वेस्टच्या सभासदांना २००७ साली शुल्क भरून मुदत २०५७ पर्यंत वाढविण्याची संधी देण्यात आली होती. काहींनी ती घेतली, काहींनी नाकारली. त्यामुळे एकाच इमारतीत काहींचे घर पंधरा वर्षे आधी संपणार आहे. १९९१ साली तिशीत असलेला खरेदीदार त्या दिवशी ऐंशीच्या घरात असेल, आणि ज्या वारसांना हा हिस्सा द्यावा असे त्याच्या मनात होते, त्यांना देण्याजोगे त्याच्यापाशी काही उरणार नाही. या तारखेविषयी सभासदांमध्ये आताच चर्चा सुरू आहे. दारात 'वेलकम होम' असे म्हणणाऱ्या संस्थेने घर या शब्दाला दिलेला अर्थ त्या दिवशी कसास लागेल. प्रेमाचा हक्क आणि कागदाचा हक्क यांतील अंतर मोजण्यासाठी इतिहासाच्या अभ्यासकास यापेक्षा नेमकी तारीख सापडणे कठीण आहे.